नाचणीची शुश्रूषा

१

तेजलचा फोन आला तेव्हा काचेपलीकडच्या बंद खोलीत एक आजोबा कानांवर हेडफोन लावून बसले होते. मुलुंड पूर्वेच्या एका क्लिनिकमध्ये मी लोकांच्या ऐकण्याची तपासणी करते. आवाज ऐकू आला की बटण दाबायचं, पेशंटला एवढंच करायचं असतं. पण मी आवाज सोडलेलाच नसतो तेव्हाही पुष्कळ जण बटण दाबतात. खोटं बोलत नसतात ते. शांततेत लक्ष लावून ऐकत बसलं की कान स्वतःच काहीतरी ऐकू लागतो. आजोबांना हे समजावलं, त्यांना त्यांच्या सुनेच्या हाती दिलं आणि तेजलला उलट फोन केला.

"इराताई, तुझी मागची खोली रिकामीच आहे ना?" तिने थेट विचारलं.

तेजल माझ्याहून बरीच लहान. नोकरी सॉफ्टवेअर कंपनीत, पण जीव सगळा रस्त्यावरच्या मांजरांत. आमच्या पुढच्या गल्लीत राहते. तिच्या घरी तेव्हा पिल्लांना साथ लागली होती, त्यामुळे नवीन मांजर तिथे ठेवण्यासारखं नव्हतं.

मिठागर रोडच्या बाजूची एक जुनी सोसायटी पुनर्विकासाला गेली होती. माणसं कधीच भाड्याच्या घरांत पांगली होती. वीज तोडली होती, पाणीही बंद केलं होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटला तेवढं कुलूप होतं. तिथले गृहस्थ थंडीत हॉस्पिटलात गेले ते परत आलेच नाहीत, आणि नातेवाईक सगळे परदेशात. पाडकामवाल्यांनी कुलूप तोडलं तर आत पलंगाखाली मांजर.

"मेलेलं?"

"त्यांनाही तसंच वाटलं. उचलायला गेले तर तिने डोळे उघडले," तेजल म्हणाली. "ताई, थोडे दिवस फक्त. ती उभी राहिली की मी घर शोधते तिला."

मी हो म्हटलं. आई गेल्यापासून मागची खोली तशी बंदच होती.

२

मांजर कसलं, ओल्या फडक्याची गुंडाळी होती ती. मातकट, काळपट लाल रंग. तेजल आपल्या मांजरांना धान्यांची नावं देते. वरी झाली, राळा झाला. हिला तिने रिक्षातच नाचणी म्हणायला सुरुवात केली होती.

डॉक्टर केयूर यांच्याकडे आम्ही तिला टेबलावर ठेवलं तर ती ठेवली तशीच पडून राहिली. पाठीचा मणका न् मणका हाताला लागत होता. पोटावर, बगलेत, शेपटीच्या मुळाशी केसांच्या जटा झाल्या होत्या, वाळलेल्या लेपासारख्या घट्ट. डॉक्टरांनी तिच्या मानेची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती तशीच उभी राहिली.

"अंगात पाणीच नाही," ते म्हणाले. "कातडीखालून सलाईन देऊ. पण त्या घरात खाणं नव्हतं, पाणी नव्हतं, मग ही इतके दिवस टिकली कशी?"

"एखादा नळ गळत असेल," मी म्हटलं.

"असेल." त्यांनी तिची हनुवटी वर केली. "पण मॅडम, हे बघा. तुम्ही पुसलेत का हिचे डोळे?"

मी तेजलकडे पाहिलं. तिने मान हलवली.

डॉक्टरांना काय म्हणायचं होतं ते माझ्या तेव्हा लक्षात आलं. आजारी मांजराच्या डोळ्यांना चिपडं येतात, पापण्या चिकटतात, नाकापर्यंत काळे ओघळ सुकतात. नाचणीचं सगळं अंग घाणीने माखलेलं होतं आणि डोळे मात्र स्वच्छ होते. कोपऱ्यातही काही नव्हतं. डोळ्यांभोवतीचे केस मऊ होते, बाहेरच्या बाजूला वळवलेले, कुणी रोज ओल्या कापसाने आतून बाहेर हळूच पुसावेत तसे. डॉक्टरांनी कान उलटून पाहिले. तेही साफ होते.

"पाडकामवाल्यांपैकी कुणीतरी पुसले असतील," तेजल म्हणाली.

ते पटण्यासारखं होतं, आणि मी ते पटवून घेतलं.

३

पहिले काही दिवस नुसते कामात गेले. मागच्या खोलीत मी खोक्यात जुनी चादर घालून तिची जागा केली, टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी ठेवली. चिकनचं पाणी आणि मांजरांचं पातळ खाणं एकत्र करून बिनसुईच्या सिरिंजने तिच्या गालात थेंब थेंब सोडायचं. निम्मं बाहेर यायचं. ती विरोध करत नसे. त्याचंच मला वाईट वाटायचं. क्लिनिकला जाण्याआधी एकदा, मध्ये जेवणाच्या सुट्टीत घरी येऊन एकदा, मग संध्याकाळी. सलाईन द्यायला तेजल यायची. ती सुई टोचायची, मी नाचणीचं डोकं धरून उगाच काहीबाही बोलत राहायचे.

मागच्या खोलीची खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीकडे उघडते. उजेड येतो तो भिंतीवर आपटून, करडा होऊन येतो. आईच्या शेवटच्या वर्षात मी त्याच खोलीत तिचं सगळं केलं होतं. हाताला ती सवय होती. कुणाचं तरी करत राहणं मला येतं. बाकीचं फारसं येत नाही.

मग एका सकाळी नाचणीने सिरिंजचं टोक चाटलं. दोन दिवसांनी बशीत तोंड घातलं. मी तेजलला फोटो पाठवला, तिने उलट दहा बदाम पाठवले.

त्याच आठवड्यात कधीतरी मी स्वयंपाकघरात भांडी घासत होते. आमची बाई लग्नासाठी गावी गेली होती. नळ बंद केला आणि मला मागच्या खोलीतून घुरघुर ऐकू आली. मांजर खुशीत असल्यावर छातीतून काढतं तो आवाज. मला इतका आनंद झाला की ओले हात तसेच घेऊन मी धावत गेले. दार लोटताच आवाज थांबला. नाचणी खोक्यात नव्हती. खिडकीसमोर, खोलीच्या मध्यभागी उभी होती आणि माझ्याकडे बघत होती.

मी खाली बसले, तिच्या डोक्यावरून हात फिरवला. ती शांत राहिली. घुरघुरली मात्र नाही. त्यानंतरही माझ्या हाताखाली ती कधी घुरघुरली नाही. घुरघुर यायची ती दार बंद असताना.

खोटं कशाला सांगू, मला जरा लागलंच ते.

४

जटांना हात लावू नका असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ओढल्या तर कातडी सोलून येईल. तिच्या अंगात जोर आला की बोथट कात्रीने कापू. मीही लावत नव्हते. एकदा प्रयत्न केला तेव्हा ती पहिल्यांदा माझ्यावर गुरकावली होती.

म्हणून एका संध्याकाळी तिच्या डाव्या बगलेतली जट दिसली नाही तेव्हा मी आधी खोली शोधली. जट गळून पडली असेल तर केसांचा गोळा तरी सापडेल. सापडला नाही. तिथली कातडी सोललेली नव्हती, केस कापलेले नव्हते. मोकळे झाले होते. सुटे, लांब, विंचरलेले.

दुसऱ्या दिवशी पोटावरची एक. मग शेपटीची.

माझ्या घराची एक किल्ली समोरच्या सुलक्षणा वहिनींकडे असते. मी दार वाजवलं.

"वहिनी, दुपारी तुम्ही घरात आला होतात का? मांजरीकडे?"

"मी? आणि मांजराकडे?" त्या दारातच हसल्या. "अगं, गॅलरीत मांजर आलं तर मी ह्यांना हाक मारते. तुझी किल्ली तिथे गणपतीच्या फोटोमागे आहे. हवी तर घेऊन जा."

मी किल्ली घेऊन आले. वहिनींना काही वाटू नये म्हणून डुप्लिकेट करायचीय असं सांगितलं. त्या रात्री कडी नीट लावली, सकाळी कुलूप घालून दोनदा ओढून पाहिलं. जेवणाच्या सुट्टीत परत आले तर नाचणीच्या मानेखालची शेवटची जट सुटलेली होती आणि केस थोडे ओलसर होते.

मांजरं चाटतात. चाटून चाटून गाठी सुटतात. इंटरनेटवर तसं कुणीकुणी लिहिलंही होतं. पण मानेखाली, अगदी हनुवटीपाशी, मांजराची जीभ पोचत नाही. मी आरशासमोर स्वतःची जीभ काढून हनुवटीला लावायचा प्रयत्न करून पाहिला, आणि आपण काय करतोय हे लक्षात येऊन बाजूला झाले.

५

तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टर केयूर खूश होते. नाचणीच्या पाठीवर मांस धरलं होतं.

"छान करताय तुम्ही मॅडम. एवढं माणसाचंही कुणी करत नाही."

मी म्हटलं, "खोलीत मी नसले की घुरघुरते. मी हात लावला की नाही. माझी आवड नाहीये तिला."

मी हे हसत सांगितलं होतं. डॉक्टर नाचणीच्या छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकत होते, त्यांनी मान वर केली नाही.

"घुरघुर म्हणजे दर वेळी आवडच असते असं नाही हं. दुखत असलं तरी घुरघुरतात. फार घाबरली असली तरीसुद्धा. समोरच्याने काही करू नये म्हणून."

घरी येताना रिक्षात मी पिंजरा मांडीवर घेतला होता. नाचणी जाळीला नाक लावून रस्ता बघत होती. आमची गल्ली आली, रिक्षा वळली, तशी ती मागे सरकली आणि पिंजऱ्याच्या कोपऱ्यात जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी जाताना मी जुना फोन मागच्या खोलीतल्या कपाटावर ठेवला, आवाज रेकॉर्ड करायला लावून. कॅमेराही लावता आला असता. का लावला नाही हे मला सांगता येत नाही. आवाजावर माझा भरवसा आहे, असं तेव्हा मी स्वतःला सांगितलं.

क्लिनिकच्या त्याच काचेच्या खोलीत बसून संध्याकाळी मी ते ऐकलं. मी दार ओढून घेतल्याचा आवाज. कुलूप. बाहेर एक भाजीवाला ओरडत गेला. नाचणीने बशी चाटली. मग बराच वेळ काही नाही, पंखा तेवढा. आणि मग अगदी जवळ, फोनच्या खालीच, जीभ टाळूला लावून काढतात तसा आवाज. च्च. च्च. लहान मुलाने तोंड उघडावं म्हणून बायका काढतात तो. लगेच घुरघुर सुरू झाली. एका पट्टीत, न थांबता, कितीतरी वेळ.

मी ते पुन्हा ऐकलं. पुन्हा. पाचव्या-सहाव्या वेळी मला च्च च्च ऐकू येईना. मग एकदम आलं. समोर बटण असतं तर मी ते दाबलं असतं की नाही, मला सांगता आलं नसतं.

तेजलला ऐकवलं. तिने डोळे मिटून ऐकलं. "कुठे? हे? पंख्याचा आहे गं हा. तुझा पंखा कुरकुरतो, ताई."

पंखा खरंच कुरकुरतो.

६

त्यानंतरच्या शुक्रवारी क्लिनिकमधलं मशीन बिघडलं आणि मी भर दुपारी घरी आले. वेळ नेहमीची नव्हती. कुलूप काढताना मी किल्ली हळू फिरवली. मुद्दाम फिरवली हे कबूल करायला हवं.

घुरघुर हॉलपर्यंत येत होती. मी चपला न काढता पॅसेजमधून गेले. मागच्या खोलीचं दार मी सकाळी बंद केलं होतं. ते तसंच बंद होतं, पण त्याच्या चौकटीत आणि दारात बोटभर फट राहते, लाकूड वाकलंय. मी त्या फटीला डोळा लावला.

करड्या उजेडात नाचणी पाठीवर पहुडली होती. चारही पाय पोटाशी दुमडलेले, मान मागे टेकलेली. आणि ती जमिनीवर नव्हती. माणूस मांडी घालून बसलं की मांडीची जी उंची होते, तेवढी वर होती. पाठीला मध्ये बाक आला होता, कुशीत घेतल्यावर येतो तसा. खाली फरशी दिसत होती, फरशीवर तिची सावली.

तिचे डोळे सताड उघडे होते. ते माझ्याकडे वळले. तिला मी दिसले होते, पण ती हलली नाही. घुरघुर चालूच राहिली. मग तिच्या उजव्या डोळ्याचा कोपरा बाहेरच्या बाजूला हळूच ओढला गेला. पापणी ताणली, सुटली. पुन्हा ओढला गेला.

माझ्या हातातली किल्ली दारावर आपटली. आत धप्प आवाज झाला. मी दार ढकललं तेव्हा नाचणी कपाटाखाली होती आणि खोलीत दुसरं काही नव्हतं. ती स्टुलावर असणार, उजेड मागून येतो म्हणून पाय दिसले नसतील, असं मी मोठ्याने म्हणाले. म्हटल्यावर बरं वाटलं. स्टूल आणायला म्हणून स्वयंपाकघरात गेले तर ते तिथेच होतं, त्यावर सकाळचा तांदळाचा डबा होता.

मी तेजलला फोन केला. "नाचणीसाठी घर बघ. लवकर."

"अगं, मी आजच सांगणार होते. बोरिवलीचं एक जोडपं आहे, मस्त लोक. पण डॉक्टर हो म्हणू देत. तू ठीक आहेस ना?"

मी ठीक आहे म्हणाले. दुसरं काय सांगणार होते?

७

डॉक्टरांनी पुढच्याच भेटीत हो म्हटलं. "ही आता पेशंट नाही," ते म्हणाले. "औषध बंद."

आणि त्या दिवसापासून घरात शांत झालं. मी मागच्या खोलीचं दार उघडंच ठेवू लागले. आतून घुरघुर नाही, च्च च्च नाही. नाचणी हॉलमध्ये सोफ्यावर झोपायची, खेळायची, पडद्याला लोंबकळायची. पण मागच्या खोलीकडे फिरकायची नाही. मला वाटलं, संपलं. जे काही होतं, माझ्या थकलेल्या डोक्यात होतं, ते तिच्या आजारपणाबरोबर संपलं.

सोमवारी मला कणकण वाटायला लागली. मंगळवारी उठवेना. व्हायरलची साथ होतीच. गोळी घेतली, क्लिनिकला कळवलं, नाचणीच्या बशा भरून ठेवल्या आणि पडून राहिले.

ताप चढला की दिवसाचे तुकडे होतात. पडद्यामागून ऊन आलेलं आठवतं, गेलेलं आठवतं. नाचणी माझ्या खोलीत आली नाही. पलंगावरून हॉलचा एक तुकडा दिसतो, त्यात ती बसलेली दिसायची, बाहेरच्या दाराकडे तोंड करून. दाराला नाक लावून.

केव्हातरी माझ्या डोक्याखालची उशी उलटली. गार बाजू वर आली. मी "आई" म्हणाले असेन, आजारी माणूस म्हणतंच. मग ओठांना चमचा लागला. कोमट. भाताची पेज, मिठाची, वर तुपाचा थेंब. मी तोंड उघडलं नाही तेव्हा अगदी जवळ जीभ टाळूला लागली. च्च. च्च.

मी तोंड उघडलं.

सुलक्षणा वहिनी आल्यात असं मला वाटलं. वाटलं म्हणजे मी तसं ठरवलं. त्यांची किल्ली माझ्याकडे होती हे मला आठवतही होतं, पण आठवणं आणि चमचा हे दोन्ही एकत्र येत नव्हते. डोळ्यांवर ओलं काहीतरी फिरलं, आतून बाहेर. मला सांगायला लाज वाटते, पण मला ते हवं होतं. आईचं मी वर्षभर केलं. त्याआधी बाबांचं. माझ्या कपाळावर कुणी हात ठेवून किती काळ लोटला होता ते मला सांगता येत नाही. मी डोळे उघडले नाहीत. उघडावेसे वाटत होते, पण उघडले नाहीत.

८

ताप उतरला तेव्हा मी भिंतीला धरत स्वयंपाकघरात गेले. पातेली कोरडी होती. चमचे जागच्या जागी होते. तांदळाच्या डब्याचं झाकण घट्ट होतं. सिंकमध्ये मी ठेवलेला एक कप, त्यात सुकलेला चहा. कुणी काही शिजवल्याची खूण नव्हती. पण माझं पोट भरलेलं होतं. दोन दिवस नुसत्या गोळ्यांवर असलेल्या माणसाला भूक लागायला हवी. मला ढेकर आली, आणि तिला तुपाचा वास होता.

दार वाजलं. सुलक्षणा वहिनी होत्या, हातात डबा.

"बरं वाटतंय ना? मऊ खिचडी आणलीय."

"वहिनी, काल परवा तुम्हीच आला होतात ना?"

"आले होते की. पण बाहेरूनच गेले." त्या आत डोकावल्या. "बेल वाजवली तर आतून म्हणाल्या, ताप आहे, झोपलीय ती. म्हटलं झोपू दे. डोंबिवलीच्या मावशी आल्यात का तुझ्या?"

मी दाराची मूठ धरून ठेवली. "कोण म्हणालं?"

"ते काय मी बघितलं? दार कुठे उघडलं त्यांनी?" वहिनींचा चेहरा थोडा बदलला. "का गं? कोणी नव्हतं?"

"आवाज कसा होता?"

त्या विचार करू लागल्या. मी त्यांना घाईने बोलू दिलं नाही. लोकांना मी एरवी हेच विचारते, कसा होता, कुठून आला, उंच की खोल.

"हळू," त्या शेवटी म्हणाल्या. "आजाऱ्याच्या खोलीत बोलतात तसा. दाराच्या अगदी जवळून. आणि जरासा…" त्यांनी हात हलवून तो शब्द सोडून दिला. "टीव्ही असेल बाई तुझा. मालिका लागली असेल."

"हो," मी म्हणाले. "टीव्हीच असेल."

आम्ही दोघींनी हॉलमधल्या टीव्हीकडे पाहिलं. त्याचा प्लग काढलेला होता. वहिनींनी डबा माझ्या हातात दिला आणि आत येते म्हणाल्या नाहीत.

९

तेजल दुसऱ्या दिवशी सकाळी आली. बोरिवलीचं जोडपं खाली गाडीत थांबलं होतं. तिने पिंजरा हॉलमध्ये ठेवून त्याची जाळी उघडली आणि बाह्या सरसावल्या.

"आता पळापळ होणार. तू ते दार लाव, मी सोफ्याकडून येते."

पळापळ झालीच नाही. नाचणी दारापाशी बसली होती, ती उठली, हॉल ओलांडून आली आणि आपणहून पिंजऱ्यात शिरली. आत जाऊन वळली, पुढचे पाय जोडून बसली आणि तेजलकडे बघत राहिली. जाळी लाव, असं तोंडाने म्हणायचं तेवढं बाकी होतं.

"असं मांजर मी आयुष्यात बघितलं नाही," तेजल म्हणाली. तिने जाळी लावली. "बघ ना, कशी दिसतेय. कुणाला खरं वाटेल ही तीच आहे? सगळं तू केलंस, ताई."

"मी नाही केलं," मी म्हणाले.

ती हसली. तिला तो विनय वाटला.

मला एकाएकी त्यांच्याबरोबर खाली जायचं होतं. खाली जाऊन त्या गाडीत बसावं, बोरिवलीपर्यंत जावं, तिथून कुठेही. मी चपला पायांत सरकवल्या. "थांब, मीही येते."

"वेडी आहेस का? तोंड बघ कसं उतरलंय तुझं." तेजलने माझा दंड धरला. तिचा हात गरम लागला, म्हणजे माझं अंग गार असणार. "तू झोप. कालपर्यंत ताप होता. मी संध्याकाळी फोन करते."

"तेजल, मला बरं वाटतंय. खरंच."

"आजारी माणसं सगळी असंच म्हणतात. चल, आत."

मी तिला काय सांगायला हवं होतं? शब्द घशापर्यंत आले होते, पण ते लावून पाहिले की नुसते तापातल्या बडबडीसारखे लागत होते. पिंजऱ्याच्या जाळीतून नाचणी बघत होती. माझ्याकडे नाही. माझ्या खांद्यामागे, थोडं वर. तिची छाती भराभर हलत होती आणि ती मोठमोठ्याने घुरघुरत होती.

"ऐक, किती खूश आहे," तेजल म्हणाली आणि दार ओढून घेऊन गेली.

तिच्या पायऱ्या उतरण्याचा आवाज मी शेवटपर्यंत ऐकला. घुरघुर दुसऱ्या मजल्यापर्यंत येत होती, मग बंद झाली. खाली गाडीचं दार लागलं. मी चपला काढल्या नव्हत्या. दाराच्या मुठीकडे हात नेला. दार उघडायचं, जिने उतरायचे, एवढंच होतं. मला त्या दिवशी ते जमलं असतं, अंगात तेवढी ताकद होती.

मागून एक तळवा माझ्या कपाळावर येऊन टेकला. कोरडा, सवयीचा. ताप बघतात तसा, आधी तळवा, मग बोटांची मागची बाजू.

"आता ताप नाहीये मला," मी म्हणाले.

हात निघाला नाही.